रुपिन की सुपिन? मे महिन्यातल्या ट्रेकची निवड

उत्तराखंडात नैटवाड गावापाशी रुपिन आणि सुपिन या दोन नद्या एकत्र येतात आणि पुढे टोन्स म्हणून वाहतात. नावं जुळ्या बहिणींसारखी. रुपिनच्या काठाने वर गेलं की रुपिन पास, सुपिनच्या खोऱ्यातून गेलं की हर की दून. डेहराडूनहून पुरोळा, मोरी, नैटवाडपर्यंत रस्ताही एकच. त्यामुळे मुलांच्या परीक्षा संपल्या की आपल्याकडची मंडळी ज्या बॅचला जागा असेल तिचे पैसे भरून मोकळी होतात. मे महिन्यात असं करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

रुपिन पास सुमारे ४,६५० मीटरवर आहे, हर की दून सुमारे ३,५६६ मीटरवर. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणून खाली बुरांशाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) फुलं अजून झाडावर असतात, तेव्हा वर खिंडीत हिवाळ्यातला बर्फ तसाच पडून असतो.

पण उंचीपेक्षा मोठा फरक वाटेचा आहे. रुपिनची वाट धौल्याहून निघते, झाका गावावरून धबधब्याच्या टप्प्यांनी चढत खिंडीत जाते आणि पलीकडे हिमाचलातल्या किन्नौरमध्ये सांगल्याला उतरते. खिंड बंद असेल तर चार-पाच दिवस चाललेली सगळी वाट उलटी तुडवावी लागते. शिवाय सांगल्याकडचा उतार उत्तरेचा. उन्हाची तिरीप कमी, म्हणून बर्फ तिथे जास्त दिवस टिकतो. हर की दूनला ही अडचणच नाही. सांकरी, तालुका, ओसला असं खोऱ्यातून चालत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. बर्फ आडवा आला की तिथेच थांबा. ओसल्याची लाकडी घरं, देवदार, नदी हे सगळं तोवर पाहून झालेलं असतं. वरपर्यंत पोचलात तर समोर स्वर्गारोहिणी, ६,२५२ मीटर.

‘आम्ही डिसेंबरात केदारकंठ्याचा ट्रेक केलाय, बर्फाची सवय आहे,’ असं हमखास ऐकू येतं. डिसेंबरातला बर्फ आणि मे महिन्यातला बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे महिन्यात रात्री तो गोठून काचेसारखा होतो, दुपारी त्यात गुडघ्यापर्यंत पाय जातो. ओढ्यांवर बर्फाचे पूल उरलेले असतात. वरून जाड दिसतात, खालून पाण्याने पोखरलेले. अशा एका पुलावर पाय टाकण्याआधी आमच्या वाटाड्याने काठी आपटली. काठाशी ठक्क असा भरीव आवाज आला, मधोमध मात्र रिकाम्या हंड्यासारखा. तो काही बोलला नाही, फक्त हाताने वरची वाट दाखवली. त्या वळशात आमचा पाऊण तास गेला, पण तो आवाज अजून कानात आहे. असे पूल आणि ओढे सकाळी लवकरच ओलांडावेत. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर ओढ्याचं पाणी फुगतं.

नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्यांचा दम आणि खडकावरचा पाय पक्का असतो, यात शंका नाही. बर्फाचा पाय मात्र निराळा. चढताना बुटाच्या टोकाने खाच करायची, उतरताना टाच रोवायची. हे सह्याद्रीत शिकता येत नाही.

रुपिन सोडून द्या असं माझं म्हणणं नाही. तो धबधबा आयुष्यात एकदा बघावाच. पण त्यासाठी जूनचा मधला आठवडा बघा, नाहीतर पाऊस सरल्यावरचा सप्टेंबर-ऑक्टोबर. मेची सुट्टीच हाताशी असेल तर सुपिनच्या बाजूला जा. तिथेही ज्या वर्षी उशिरापर्यंत बर्फ पडलेला असतो, त्या वर्षी ओसल्याच्या वरच्या कलकत्तियाधार या पडावापुढे वाट पांढरी असू शकते. सांकरीत उतरल्यावर खेचरवाल्यांना विचारा, ‘जनावरं कुठवर जातायत?’ ते ज्या गावाचं किंवा पडावाचं नाव घेतील, तिथपर्यंतचा बेत आखा आणि एक दिवस ओसल्यासाठी राखून ठेवा.