दातावरचा प्रत्येक काळा डाग म्हणजे कीड नव्हे

दाढेवर काळी रेघ दिसली की कीड लागली, आता सिमेंट भरून घ्या, हा समज घरोघरी आहे. तो अर्धाच खरा. दाढेच्या खाचांत चहाचे, तंबाखू-मिश्रीचे डाग वर्षानुवर्षं बसतात. खालचं इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, टणकच असतं. उलट कीड सुरू होते तेव्हा बहुधा खडूसारखा पांढरा ठिपका उमटतो, आणि तोही दात वाळवल्यावरच नीट दिसतो. खड्डा पडला नसेल तर ती इथेच थांबू शकते: लाळेतलं कॅल्शियम आणि पेस्टमधलं फ्लोराइड इनॅमल पुन्हा कणखर करतात. खड्डा पडला, कीड इनॅमलखालच्या थरात, डेंटिनमध्ये, खोल गेली, की मात्र भरणंच आलं.

म्हणून खुर्चीत बसल्यावर खुशाल विचारा, “डॉक्टर, कीड कुठवर गेलीय? एक्स-रेवर दाखवता का?” दोन दातांच्या फटीतली कीड बाइटविंग एक्स-रेत (दातांत पट्टी चावून धरून काढतात तो) गडद सावलीसारखी दिसते. थांबायचं ठरलं तर पुढची तपासणी कधी, तेही तिथेच ठरवून घ्या.

आणि ‘दुखत नाही म्हणजे कीड नाही’ हा तर आणखी महागडा समज. ठणका लागेपर्यंत ती बहुतेक वेळा नसेजवळ पोचलेली असते. मग रूट कॅनालचा खर्च.