तीव्र हृदयविकारातील रक्तशर्करा

हृदयविकाराच्या झटक्याने किंवा तत्सम तीव्र विकाराने रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या रक्तात ग्लुकोज वाढलेले आढळते. मधुमेह नसलेलेही याला अपवाद नसतात. झटक्याच्या ताणामुळे ॲड्रेनलीन, कॉर्टिसॉल व ग्लुकागॉन ही संप्रेरके वाढतात, यकृतातून ग्लुकोज बाहेर पडते आणि इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो.

दाखल होतानाची साखर जितकी जास्त, तितका मृत्यूचा धोका अधिक, हे निरीक्षण बहुतांशी मान्य आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात मधुमेह नसलेल्या, पण साधारण ११० ते १४४ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर वा त्याहून जास्त साखर असलेल्या रुग्णांत रुग्णालयातील मृत्यूचा धोका सुमारे चौपट दिसला.

वाद आहे तो कार्यकारणाचा. साखर हृद्‌स्नायूला इजा करते, की मोठ्या इजेची ती केवळ खूण आहे? स्वीडनमधील डिगामी चाचणीत (१९९५, ६२० रुग्ण) शिरेतून इन्शुलिन-ग्लुकोज व पुढे त्वचेखाली इन्शुलिन दिलेल्या गटात वर्षभरातील मृत्यू २६ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले. डिगामी-२ मध्ये (२००५) मात्र हा लाभ दिसला नाही. तथापि तीत गटागटांतील साखरेत अपेक्षित फरकच पडला नव्हता, त्यामुळे तिच्यावरून पहिलीचा निष्कर्ष खोडता येत नाही. ग्लुकोज-इन्शुलिन-पोटॅशियम मिश्रणाची पद्धत याहून वेगळी. मेक्सिकोतील सोदी-पायारेस यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ती पुढे आणली. वीस हजारांवर रुग्णांच्या क्रिएट-एक्ला चाचणीत (२००५) तिने मृत्यू घटले नाहीत, पण तीत साखर उलट वाढली होती. साखर आटोक्यात ठेवण्याच्या विरोधातील पुरावा म्हणून ती पुढे करणे योग्य नाही. एकंदरीत साखर ही प्रामुख्याने खूण असून काही अंशी अपायकारकही असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

अतिदक्षता विभागातील सर्वसाधारण रुग्णांवरील नाइस-शुगर चाचणीत (२००९) साखर ८१ ते १०८ इतकी खाली ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. तेव्हापासून सामान्यतः १८० च्या वर सातत्याने गेल्यासच इन्शुलिन सुरू करतात आणि ७० च्या खाली जाऊ न देण्याची काळजी घेतात. रक्तदाब फार खालावलेल्या रुग्णात बोटाच्या टोकाच्या रक्तावरील ग्लुकोमीटरचा आकडा फसवा असू शकतो. डेक्स्ट्रोजचे (ग्लुकोजचे) सलाईन चालू असलेल्या हातातून घेतलेला नमुनाही साखर खोटी वाढलेली दाखवतो.

तीव्र हृदयनिष्फलतेतील (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता एकाएकी घटणे) साखरेविषयीचा पुरावा तुलनेने तोकडा आहे.

आधीचा, निदान न झालेला मधुमेह ओळखण्यास एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी) चाचणी उपयोगी पडते. स्वीडनमधील एका अभ्यासात (२००२) मधुमेह ज्ञात नसलेल्या झटक्याच्या रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत ग्लुकोज सहनक्षमता (ग्लुकोज घेतल्यावर साखर आटोक्यात ठेवण्याची शरीराची क्षमता) बिघडलेली किंवा मधुमेह आढळला. म्हणून घरी सोडल्यानंतरही साखरेची फेरतपासणी करतात.