सुट्टीतल्या प्रवासाचा विमा: कोणी काढावा, कसा काढावा, कागद कोणते लागतात

बेळगावहून चोर्ला घाटातून स्वतःच्या गाडीने दोन दिवस गोव्याला जाऊन यायचं असेल, तर त्यासाठी वेगळी प्रवास पॉलिसी काढायलाच हवी असं मला वाटत नाही. घरात आरोग्य विमा असेल तर त्याचं कार्ड जवळ ठेवा, म्हणजे झालं. मात्र गाडीच्या पॉलिसीतला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त मालक-चालकाचा असतो. मागच्या सीटवरची आई आणि मुलं त्यात येत नाहीत. त्यांचं कव्हर थोडे जादा पैसे भरून गाडीच्या पॉलिसीतच जोडून घेता येतं.

रेल्वेची गोष्ट वेगळी. आयआरसीटीसीवरून ई-तिकीट काढताना विम्याचा पर्याय येतो, माणशी सध्या ४५ पैसे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाख आणि हॉस्पिटलच्या खर्चाला २ लाखांपर्यंत. हा विमा रेल्वे अपघाताचा आहे. गाडीत ताप आला किंवा बॅग गेली तर त्याचा उपयोग नाही. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी हवं. बेळगाव स्टेशनच्या खिडकीवर काढलेल्या तिकिटाला हा विमा नाही, आणि बिनतिकीट नेलेल्या पाच वर्षांखालच्या मुलालाही नाही.

खरी गफलत पुढे होते. बुकिंग झाल्यावर वारसाचं नाव भरायची लिंक मोबाईलवर आणि ईमेलवर येते. आता तिकीट पुण्याच्या भाच्याने काढलेलं असेल तर ती लिंक जाते भाच्याच्या फोनवर, आणि तो ती उघडतही नाही. नाव भरलेलं नसलं तरी पैसे बुडत नाहीत, कायदेशीर वारसांना मिळतात. पण वारस असल्याचे कागद जमवायला ऐन दुःखात कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. भाच्याला एक फोन करा आणि नाव भरून घ्या.

परदेशाला निघालात तर मात्र चालढकल नको. इथल्या बहुतेक आरोग्य पॉलिसी भारताबाहेर चालत नाहीत. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या व्हिसासाठी तर निदान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कव्हर लागतंच, तेही सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांना लागू असलेलं. दुबई-थायलंडला जाणारे ‘चार दिवसांत काय होतंय’ म्हणून टाळतात. ते मला पटत नाही. साधा पाय मोडला तरी तिथलं बिल सहलीच्या खर्चापेक्षा मोठं होऊ शकतं.

अर्ज कंपनीच्या वेबसाइटवर किंवा एजंटाकडून भरता येतो, पण तो भारत सोडण्याआधी. नवरा, बायको आणि मुलांची एकत्र फॅमिली पॉलिसी मिळते. वयाची अट कंपनीगणिक बदलते. सत्तरीपुढच्यांना बहुधा ज्येष्ठांचा वेगळा प्लॅन घ्यावा लागतो. लागतात ते पासपोर्ट, प्रवासाच्या तारखा, केवायसीसाठी पॅन किंवा आधार आणि वारसाचा तपशील.

नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच भरा. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर वडिलांच्या नावासह दुसरं आणि पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग असतं, आणि क्लेमच्या वेळी बोट नेमकं तिथे ठेवलं जातं. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, थेट परदेशी विमान नाही. मुंबई, बेंगळूरु नाहीतर गोवा गाठावं लागतं. परतीचं विमान मध्यरात्रीनंतर उतरणार असेल तर पॉलिसीत तो दिवसही धरा.

फॉर्ममध्ये बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन विचारतात. ‘कशाला लिहिताय, प्रीमियम वाढेल’ असं सांगणारे भेटतील. लिहाच. लपवलेला आजार पुढे हॉस्पिटलच्या कागदांत निघाला तर क्लेम तिथेच अडतो. जुना आजार पॉलिसीत कितपत धरलाय तेही वाचा. काही ठिकाणी फक्त जिवावर बेतलं तरच खर्च मिळतो. डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला आपल्या खिशातून जाणारी रक्कम, किती आहे तेही पाहून ठेवा.

परदेशात ॲडमिट व्हायची वेळ आली तर आधी पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर कळवा. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. घरी आल्यावर तो कागद मिळवणं अवघड. पासपोर्ट हरवला तर तिथल्या पोलिसांचा रिपोर्ट हवा. बोर्डिंग पास, मूळ बिलं, डिस्चार्जचे कागद यातलं काहीच फेकू नका.

क्लेम नाकारला तर पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार विभागाकडे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. कर्नाटकात राहणाऱ्यांचं कार्यालय बेंगळूरूला आहे. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही.