डोळ्यांची आग शमवणारे थेंब : पार्श्वभूमी

ऑक्टोबरात निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची गोडी छाटणी सुरू झाली की काडी नाहीतर तार डोळ्याला लागणं हे ठरलेलंच. वेलीवरच्या भुरी या बुरशीरोगासाठी गंधक धुरळल्यावर डोळे चुरचुरतात ते वेगळंच. अशा वेळी मजूर आधी गाठतो तो मेडिकल. 'लालीचा ड्रॉप द्या' म्हटलं की अनेकदा जी बाटली हातात पडते, तिच्यात अँटिबायोटिकच्या जोडीला डेक्सामेथासोनसारखं दाह दाबणारं स्टेरॉइडही असतं. हे औषध खरं तर चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही.

या थेंबांचं मूळ संधिवातात आहे. 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं. 1950 चं नोबेल त्यांना केंडल आणि राइशस्टाइन यांच्यासोबत मिळालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे औषध लगेच उचललं, कारण डोळ्याच्या आतल्या दाहावर तोवर फारसं काही हाताशी नव्हतं. बाहुली मोठी ठेवायला अ‍ॅट्रोपिन, शेक, आणि चक्क टायफॉइडची लस टोचून मुद्दाम आणलेला ताप! त्यापुढे दोन थेंबांत लाली उतरणं ही जादूच वाटली असणार.

किंमत हळूहळू कळली. नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूमुळे बुबुळावर झालेली जखम स्टेरॉइडने पसरते. बुरशीचंही तेच, आणि काडीने खरचटलेल्या डोळ्यात बुरशीचीच भीती जास्त. दोन दिवस डोळा पांढरा दिसतो, ठणका कमी होतो, आत जखम वाढत राहते. म्हणून डॉक्टर आधी रंगद्रव्य लावलेली नारंगी कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवतात आणि निळ्या उजेडात बघतात. खरचटलेली जागा हिरवी चमकते.

दुसरा धोका डोळ्याच्या दाबाचा. 1960 च्या दशकात आर्मली आणि बेकर या संशोधकांनी दाखवलं की आठवडेच्या आठवडे स्टेरॉइडचे थेंब घातले तर साधारण तिघांमागे एकाचा दाब थोडाफार वाढतो आणि शंभरात पाच-सहा जणांचा खूपच. दुखत काहीच नाही, नजर मात्र कडेने जायला लागते, म्हणजे काचबिंदू. उन्हाळ्यात डोळे खाजवणाऱ्या पोरांना दरवर्षी तीच बाटली घालत राहणं मला सगळ्यात वाईट वाटतं. खाज वयात येईपर्यंत बहुतेकांची आपोआप जाते, काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

स्टेरॉइड नसलेली वाट 1971 मध्ये उघडली. दाह घडवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं शरीरात तयार होणंच अ‍ॅस्पिरिन रोखतं, हे शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवलं. पुढे अमेरिकेत 1986 मध्ये याच जातीच्या फ्लुर्बिप्रोफेनच्या थेंबांना मान्यता मिळाली, तीही दुखण्यासाठी नव्हे, तर शस्त्रक्रिया चालू असताना बाहुली आकसू नये म्हणून. मग 1991 मध्ये डायक्लोफेनॅक, 1992 मध्ये अ‍ॅलर्जीच्या खाजेसाठी केटोरोलॅक. केटोरोलॅक घातल्याबरोबर डोळ्याला झोंबतं, ही यातली गंमत.

डायक्लोफेनॅक दाह तर कमी करतंच, शिवाय बुबुळाची संवेदनाही थोडी बोथट करतं. लेझरने चष्म्याचा नंबर काढल्यावर होणाऱ्या वेदनेत याचा फायदा होतो. पण पापणी वेळेवर मिटणं, पाणी सुटणं, जखम भरणं हे सगळं याच संवेदनेवर चालतं. 1999 मध्ये अमेरिकेत असे थेंब वापरणाऱ्या काही रुग्णांचं बुबुळ अक्षरशः विरघळलं आणि डायक्लोफेनॅकचं एक जेनेरिक बाजारातून मागे घेतलं गेलं. यातल्या बऱ्याच जणांची नुकतीच शस्त्रक्रिया झालेली होती, किंवा डोळ्याचा पृष्ठभाग आधीच कमकुवत होता.

आज मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन्ही प्रकार दिले जातात. स्टेरॉइड आठवड्या-आठवड्याने कमी करत बंद करतात. उरलेली बाटली मात्र घरात राहते. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा अशा बाटल्या घरोघरी बाहेर निघाल्या. ती साथ विषाणूची होती, बहुतेकांचे डोळे आठवडा-दोन आठवड्यांत आपणहून बरे होणारे. त्यांना स्टेरॉइडची गरजच नव्हती.