पीईआय ट्रान्सफेक्शन द्रावण: वापरण्यापूर्वी वाचावे

ट्रान्सफेक्शन म्हणजे बाहेरचा डीएनए पेशींत पोचवणे. या खोक्यात लिनियर (सरळ साखळीच्या) पॉलिइथिलिनइमाइनच्या, म्हणजे पीईआयच्या द्रावणाच्या १ मिलिलिटरच्या कुप्या आहेत. रेणुभार २५ हजार, तीव्रता दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. सोबत १५० मिलिमोलर मिठाचे गाळलेले पाणी आहे. हे पत्रक प्रयोगाच्या आदल्या दिवशी वाचा, कारण निम्मे काम आदल्या दिवशीच साधते किंवा बिघडते.

एक गोष्ट आधीच सांगतो. सगळ्या पेशींना चालेल असे पीईआयचे एकच प्रमाण नसते. कुपीवर ३:१ (वजनाने पीईआय ३, डीएनए १) छापले आहे, ती फक्त सुरुवात. तुमच्या पेशींचे प्रमाण तुम्हालाच काढावे लागते आणि त्याला १२ वेलची (खळग्यांची) एक प्लेट आणि तीन दिवस पुरतात. ती प्लेट वाचवू नका.

पीईआय नेमके काय करते

डीएनएवर ऋण भार असतो, पेशीच्या पृष्ठभागावरही ऋण भार असतो, त्यामुळे नुसता डीएनए मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) टाकला तर तो पेशीत जात नाही. शिवाय पाच हजार बेसजोड्यांचे प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारे डीएनएचे कडे) सरळ केले तर त्याची लांबी १.७ मायक्रोमीटर भरेल. एवढी लांब दोरी आत जायची तर तिचा गोळा व्हायला हवा. पीईआयच्या साखळीत दर तिसरा अणू नायट्रोजनचा असतो आणि त्यातले बरेच नायट्रोजन धन भार घेऊन असतात. ते डीएनएच्या फॉस्फेटला धरतात, दोरी आकसते आणि साधारण ५० ते २०० नॅनोमीटरचे कण तयार होतात. या कणांवर वरून धन भार उरतो, म्हणून ते पेशीला चिकटतात आणि पेशी त्यांना गिळते.

गिळलेला कण पेशीतल्या एंडोसोम नावाच्या पिशवीत अडकतो. पिशवी आम्ल होत जाते आणि वेळेत बाहेर पडला नाही तर डीएनएचे तुकडे होतात. फ्रान्सच्या स्ट्रासबुर्ग येथील झाँ-पॉल बेर यांच्या गटाने १९९५ मध्ये पीईआय या कामासाठी पुढे आणले, तेव्हा त्यांची मांडणी अशी होती: पीईआयचे मोकळे नायट्रोजन पिशवीतले प्रोटॉन शोषतात, मागोमाग क्लोराइड आणि पाणी आत येते, पिशवी फुगून फुटते. पाठ्यपुस्तकांत आजही हेच असते. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत पीईआयमुळे लायसोझोमचा (एंडोसोमच्या पुढच्या, आम्ल पिशवीचा) पीएच बदललेला दिसला नाही, त्यामुळे प्रबंधात ही गोष्ट 'सिद्ध' म्हणून लिहू नका. पीईआय पटलाला भोके पाडते, हे मात्र खरे आहे. त्याच गुणाने डीएनए बाहेर येतो आणि त्याच गुणाने पेशी मरतात. प्रमाण काढायचे ते या दोहोंच्या मधले.

पुढचा अडथळा केंद्रकाचा. पेशी विभागताना केंद्रकाचे आवरण विरघळते, तेव्हा प्लाझ्मिडला वाट मिळते. म्हणून प्लाझ्मिडमध्ये जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक असेल, तर भराभर वाढणाऱ्या एचईके-२९३ (माणसाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या) पेशींत हिरवे दिवे लागतात आणि न विभागणाऱ्या प्राथमिक (शरीरातून थेट काढलेल्या) पेशींत त्याच कुपीने काही दिसत नाही.

हिशेब

१ मायक्रोग्रॅम डीएनएमध्ये सुमारे ३ नॅनोमोल फॉस्फेट असते. आमच्या द्रावणाच्या १ मायक्रोलिटरमध्ये सुमारे २३ नॅनोमोल नायट्रोजन असतो. म्हणजे १ मायक्रोग्रॅम डीएनएला ३ मायक्रोलिटर घेतले की नायट्रोजन-फॉस्फेट गुणोत्तर २३ च्या आसपास येते, २ मायक्रोलिटरला १५, आणि १ ला जेमतेम ८. डीएनए पूर्ण बांधायला एवढे लागतही नाही; ३ च्या आसपासच तो बांधला जातो. उरलेले पीईआय मोकळे फिरते. ते कामाला मदत करते आणि पेशीला त्रासही देते.

बाजारात पीईआयचे हायड्रोक्लोराइड लवणही मिळते. त्यात क्लोराइडचे वजन धरलेले असल्याने त्याच वजनात नायट्रोजन जवळपास निम्मा भरतो. एकाच्या जागी दुसरे वापरून मायक्रोलिटर तेच ठेवले तर प्रयोग हमखास वेगळा येतो. वहीत मायक्रोलिटरसोबत गुणोत्तरही लिहा.

आदला दिवस

प्लाझ्मिड तपासा. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचे गुणोत्तर १.८ ते १.९ हवे, २६० आणि २३० चे २ च्या जवळ. दुसरे गुणोत्तर पडले असेल तर धुताना क्षार राहिले आहेत; पुन्हा इथेनॉलने धुवा. ०.८ टक्के अगारोज जेलवर बहुतेक डीएनए सुपरकॉइल (पीळ पडलेल्या अखंड डीएनएच्या) पट्टीत दिसायला हवा. आकडे चांगले असूनही पेशी मलूल होत असतील तर एंडोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या आवरणातल्या विषाचा) संशय घ्या. साध्या मिनी-प्रेपमध्ये (प्लाझ्मिड काढायच्या छोट्या पद्धतीत) ते बरेच राहते.

पेशी १२ वेलच्या प्लेटमध्ये वेलला दीड ते दोन लाख टाका. दुसऱ्या दिवशी तळ ६० ते ८० टक्के भरलेला हवा. विरळ पेशी पीईआयने मरतात, गच्च भरलेल्या पेशी विभागायच्या थांबतात. पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्या) तिसाच्या आत ठेवा आणि मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा, नजरेला न दिसणारा जिवाणू) तपासलेला असू द्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून पेशी आणल्या असतील तर पहिल्या दोन-तीन पॅसेजमध्येच गोठवून साठा करा.

प्रमाण काढायची प्लेट

एका वेलला १ मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड, त्याला पीईआय १, २, ३ आणि ४ मायक्रोलिटर. प्रत्येकी दोन वेल. हे आठ झाले. उरलेल्या चारांत एक नुसत्या डीएनएचा, एक नुसत्या पीईआयचा आणि दोन हात न लावलेले. दोन वेलसाठी मिश्रण करताना २.२ वेलचे करा, पिपेटच्या टिपेत थोडे राहतेच. म्हणजे एका नळीत २.२ मायक्रोग्रॅम डीएनए घेऊन मिठाच्या पाण्याने ११० मायक्रोलिटर करायचे, दुसरीत पीईआय अनुक्रमे २.२, ४.४, ६.६ किंवा ८.८ मायक्रोलिटर घेऊन तेवढेच करायचे. १ मायक्रोलिटर थेट पिपेटने घेऊ नका. टिपेच्या बाहेर लोंबणारा थेंबच तेवढा भरतो.

आता मिसळण्याकडे नीट पाहा, चुका इथेच होतात. दोन्ही नळ्या खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पीईआयची नळी डीएनएच्या नळीत एका दमात ओता, थेंब थेंब नाही, आणि लगेच दहा सेकंद व्होर्टेक्स करा (यंत्रावर जोरात हलवा). सावकाश ओतले तर पहिल्या थेंबाला डीएनए जास्त मिळतो, शेवटच्याला कमी, आणि एकाच नळीत दहा तऱ्हेचे कण होतात. मिश्रण उजेडासमोर धरले तर जवळपास पारदर्शक, फार तर किंचित धुरकट दिसते. त्यात पांढरे धागे किंवा कण तरंगताना दिसले तर नळी टाकून द्या. ते पुन्हा फोडता येत नाहीत.

१५ मिनिटे थांबा, २० च्या पुढे नको. मिठाच्या पाण्यात कणांवरचा भार झाकला जातो, ते एकमेकांना चिकटत मोठे होत राहतात. थोडे मोठे झालेले बरे, जड कण तळाला पेशींवर बसतात. फार मोठे झाले की पेशी ते गिळू शकत नाही. ५ टक्के ग्लुकोजमध्ये कण लहानच राहतात, पण प्लेटमधल्या कामाला सहसा मीठच सरस ठरते. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत कण लवकर वाढतात, तेव्हा १० मिनिटे पुरतात. मिश्रणात सीरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) अजिबात नको: त्यातली प्रथिने ऋण भाराची असतात, पीईआय त्यांनाच धरून बसते. कण तयार झाल्यावर सीरमच्या मीडियममध्ये टाकले तरी एचईकेसारख्या पेशींत चालते.

प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर, वेलभर ठिकठिकाणी थेंब टाकत. मग प्लेट पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवा. ताक घुसळल्यासारखी गोल फिरवली की सगळे कण मध्ये गोळा होतात आणि दुसऱ्या दिवशी मधल्या पेशी मेलेल्या, कडेच्या कोऱ्या दिसतात. ४ ते ६ तासांनी मीडियम बदला, नवे मीडियम भिंतीवरून सोडा. एचईके पेशी हलक्या धक्क्यानेही सुटतात. सुटतच असतील तर प्लेटला आधी पॉलिलायसिन लावा. हाही धन भाराचाच पॉलिमर, आणि १९८७ मध्ये यकृताच्या पेशींत जनुक पोचवायला हाच वापरला होता.

इतर प्लेटसाठी: २४ वेलला निम्मे घ्या, ६ वेलला अडीचपटीपर्यंत.

बिघडले तर काय पाहावे

दुसऱ्या दिवशी पेशींवर काळी बारीक वाळू पसरल्यासारखी दिसते, ते कणांचे गोळे. वेळ जास्त झाला, मिश्रण फार घट्ट होते किंवा डीएनएमध्ये क्षार होते.

पेशी गोल होऊन तरंगत असतील तर पीईआय जास्त किंवा पेशी कमी. इथे एक फसगत होते. नुसत्या पीईआयचा वेल सगळ्यात वाईट दिसतो, कारण त्याला धरायला डीएनए नसतो. तो पाहून द्रावण विषारी निघाले असे ठरवू नका. डीएनएसोबतच्या वेलची तुलना हात न लावलेल्या वेलशी करा.

पेशी ठणठणीत, पण हिरवे काहीच नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. आधी मीडियमची बाटली पाहा. काही मीडियममध्ये, विशेषतः रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींच्या, हेपरिन (रक्त गोठू न देणारा पदार्थ) असते. हेपरिनवर डीएनएपेक्षाही दाट ऋण भार असतो. ते पीईआयला खेचून घेते आणि डीएनए सुटा पडतो. तेवढ्यापुरते हेपरिन नसलेले मीडियम वापरा. नंतर प्लाझ्मिड: त्यातला प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) तुमच्या पेशीत चालतो ना? शेवटी जेल चालवा. डीएनए आणि पीईआयचे मिश्रण जेलवर घातले की डीएनए खाचेतच अडकून राहायला हवा. तो नेहमीसारखा खाली पळाला तर पीईआय खराब आहे किंवा हिशेब चुकला आहे. खाचेत अडकला, तर कुपीचा दोष नाही.

एसआयआरएनए आणि औषधाचे रेणू

हेच द्रावण एसआयआरएनएला (जनुक गप्प करणाऱ्या आरएनएच्या छोट्या दुहेरी तुकड्याला) वापरू नका. दुहेरी दोरी दीडशेएक बेसजोड्यांपर्यंत ताठ असते. प्लाझ्मिड वाकतो, पण २१ जोड्यांचा, सुमारे ७ नॅनोमीटरचा एसआयआरएनए काडीसारखा ताठ राहतो. लिनियर पीईआय त्याला सैल धरते आणि मीडियममध्येच तो सुटतो. शाखायुक्त पीईआय किंवा मेदावर आधारित वाहक घ्या. शाखायुक्त पीईआय काकवीसारखे दाट असते, चमच्याने मोजू नका. नळीचे वजन करा, त्यात थोडे ओघळू द्या, पुन्हा वजन करा आणि मग त्या हिशेबाने पाणी घाला.

औषधाच्या लहान रेणूंना धरायला भार कामाचा नाही. तिथे पीएलजीएचे (शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरचे) नॅनोकण लागतात. सांगलीची हळद जवळ असल्याने आपल्या भागात कर्क्युमिनवर काम करणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी दोन सूचना. ५० मिलिग्रॅम पीएलजीए आणि ५ मिलिग्रॅम कर्क्युमिन ५ मिलिलिटर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून १ टक्के पीव्हीएच्या (कण एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या) २० मिलिलिटर पाण्यात ढवळत थेंब थेंब सोडतात, अ‍ॅसिटोन उडू देतात आणि कण सेंट्रिफ्यूजने बसवतात. पण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. जे कणांत गेले नाही तेही खाली बसते आणि 'कणांत ९५ टक्के भरले' असा खोटा आकडा येतो. आधी हळू फिरवून मोठे पिवळे कण काढून टाका. दुसरे, कर्क्युमिन स्वतःच हिरवे चमकते, म्हणून जीएफपीसोबत त्याच पेशींत वापरले तर काय कशाचे चमकते हे कळणार नाही.

साठवण, पावसाळा आणि नियम

कुप्या उणे २० अंशांवर ठेवा. एकदा वितळलेली कुपी ४ अंशांवर ठेवून दोन महिन्यांत संपवा, पुन्हा गोठवू नका. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज चालत नाही. वीज गेली तर फ्रीझर उघडू नका.

पावडर घेतली असेल तर १०० मिलिग्रॅम ९० मिलिलिटर पाण्यात घाला. थंड, उदासीन पाण्यात ती विरघळत नाही, कारण साखळ्या स्फटिकासारख्या घट्ट बसलेल्या असतात. हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब घालून पीएच २ च्या खाली आणा, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत ढवळा, मग सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ करून १०० मिलिलिटर भरा आणि ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा. जून ते सप्टेंबर पावडरची बाटली उघडी ठेवू नका. हवेतले पाणी शोषले की वजन वाढते आणि तेवढे पीईआय कमी पडते.

पुनर्संयोजित डीएनएच्या कामाला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची नोंद किंवा मंजुरी लागते. वापरलेले मीडियम आणि टिपा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करूनच टाका. हे द्रावण केवळ प्रयोगशाळेसाठी आहे. माणसाला किंवा जनावराला उपचार म्हणून देऊ नये.

तक्रार असेल तर कुपीवरचा लॉट क्रमांक, प्लेटमधल्या हात न लावलेल्या आणि सगळ्यात चांगल्या वेलचे फोटो आणि जेलचा फोटो पाठवा. शहरात, विद्यापीठ परिसरात आणि कसबा बावड्यात कुपी थर्मोकोलच्या खोक्यात आमचा माणूस आणून देतो. सांगली, इचलकरंजी आणि गडहिंग्लजला पार्सल सोमवार ते गुरुवारच निघते, म्हणजे ते रविवारी कुठे पडून राहत नाही. पार्सल उघडल्यावर जेल पॅक पूर्ण कोमट झालेला असेल तर कुपी वापरण्याआधी कळवा.