ग्रायंडरचं गार्ड काढण्याआधी

दुरुस्तीला येणारे बरेच चार इंची ग्रायंडर आमच्याकडे गार्डशिवाय, म्हणजे चाकावरच्या धातूच्या संरक्षक झाकणाशिवाय, येतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मोठं चाक बसत नव्हतं." गोव्यातली वेर्णाची औद्योगिक वसाहत असो की कुंडईची, चवथीच्या तोंडावर गेट-ग्रीलच्या ऑर्डरी अंगावर आल्या की हे जास्तच होतं.

चार इंची यंत्र रिकामं फिरताना मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं. चार इंची कटिंग चाकावर कमाल फेऱ्यांचा १५,००० च्या वरचा आकडा छापलेला असतो, त्यामुळे ते हा वेग सोसतं. सात इंची चाकावरचा आकडा असतो साधारण ८,५००. तेच चाक ११,००० वर फिरवलं की ताण जवळजवळ पावणेदोनपट होतो, कारण ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यात चार इंची चाकाचं भोक १६ मिलिमीटरचं, मोठ्याचं २२ चं. मग मध्ये भोकातली फट भरायला कुठली तरी बुश (कडं) घालतात, चाक मधोमध बसत नाही आणि थरथरायला लागतं. ते फुटलं तर तुकडे अडवायला समोर काहीच उरत नाही, कारण गार्ड तर आधीच काढलेलं. मोठं चाक हवं असेल तर मोठंच यंत्र घ्या, हे आम्ही विक्रीसाठी सांगत नाही.

पातळ कटिंग चाकाच्या बाजूने घासू नका, त्यासाठी जाड ग्राइंडिंग चाक असतं. पाईप कापताना काप मिटत आला की चाक अडकतं आणि यंत्र उलट झटका देतं. म्हणून बाजूची मूठ लावलेली हवी, आणि दोन्ही हात यंत्रावर.

आपल्याकडच्या पावसात चाकं ओल धरतात. पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीवर ठेवू नका, कोरड्या जागी सपाट ठेवा. मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती संपलेलं चाक वापरू नका. खाली पडलेलंही नको. तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही.

साध्या चष्म्याच्या बाजूने कण आत शिरतो. बंद गॉगल घाला, वर फेसशील्ड. कण गेलाच तर डोळा चोळू नका. रुतला असेल तर कोणालाही काढू देऊ नका, डोळ्यावर दाब न देता तो झाकून थेट गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या.

गार्ड हरवलं असेल तर यंत्राचं मॉडेल सांगा, आम्ही मागवून देतो. गार्डशिवाय आलेलं यंत्र दुरुस्त करून तसंच परत देणं आम्ही बंद केलं आहे. त्यावरून कोणी नाराज झालं तरी चालेल.