बटाटा : गोणी व मनोऱ्यातील लागवड

शेतजमीन नसताना गच्चीवर, बाल्कनीत किंवा अंगणाच्या कोपऱ्यात घरगुती भांड्यांमध्ये बटाटा पिकवण्याची पद्धत. भांडे म्हणून सिमेंटची किंवा तांदळाची रिकामी गोणी, रंगाचा डबा, फळांचे क्रेट, प्लॅस्टिकचे पिंप असे काहीही चालते. मनोरा म्हणजे तारेच्या जाळीचे नळकांडे, फळ्या चढवत उंच नेलेली पेटी किंवा एकावर एक रचलेले टायर. यातली गोणी खरोखर कामाची आहे. मनोऱ्याचा गवगवा मोठा आणि उत्पन्न बेताचे, आणि त्याचे कारण बटाट्याच्या वाढीतच आहे.

बटाटा हे मूळ नव्हे, खोड आहे. बेण्याच्या, म्हणजे लावायच्या बटाट्याच्या, डोळ्यातून निघालेला कोंब वर येतो, त्याच्या मातीतल्या पेरांतून पांढऱ्या आडव्या फांद्या फुटतात आणि त्यांची टोके फुगून बटाटे धरतात. मग खोड जितके गाडावे तितके थर लागतील, असा मनोऱ्यामागचा हिशेब असतो. पण बहुतेक जातींत, विशेषतः लवकर तयार होणाऱ्या जातींत, या फांद्या मुख्यतः बेण्याजवळच्या खालच्या पेरांतूनच निघतात. नंतर वर टाकलेल्या मातीत फार तर मुळ्या फुटतात. शिवाय भर टाकताना हिरवी पाने गाडली गेली, तर बटाटा पोसणारा कारखानाच बंद होतो. मनोरा फोडल्यावर तळाशी चार बोटे जागेत बटाटे आणि वर नुसती माती, हा अनुभव म्हणूनच सर्रास येतो.

चार चौरस फुटांच्या पेटीत १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो बटाटे निघतात, असा दावा अनेक वर्षे फिरतो आहे. शेतात हेक्टरी २५ टन उत्पन्न धरले तर चौरस मीटरला अडीच किलो, म्हणजे चार चौरस फुटांत जेमतेम एक किलो पडतात. दावा खरा मानायचा तर पेटीने त्याच्या जवळजवळ पन्नासपट पिकवायला हवे. पेटीची उंची वाढली म्हणून तिच्यावर पडणारे ऊन वाढत नाही, हे इथे विसरले जाते.

जाळीच्या नळकांड्यात दर वीतभर उंचीवर कडेने बेणे ठेवून, डोळे बाहेरच्या बाजूला करून कोंब जाळीतून काढण्याचा प्रकार त्यातल्या त्यात बरा. त्यात प्रत्येक थराला स्वतःचे बेणे आणि स्वतःची पाने मिळतात. मात्र मधला भाग कोरडा राहतो, म्हणून भोके पाडलेला पाइप मधोमध उभा करून त्यातून पाणी द्यावे लागते. केनियातल्या नैरोबी शहरातील किबेरा वस्तीत गोण्यांच्या कडांना भोके पाडून पालेभाजी लावतात. पालेभाजीचे पीक बाहेर वाढते, बटाट्याचे मातीत, त्यामुळे ते तंत्र जसेच्या तसे उचलून चालत नाही.

गोणीची रीत सोपी आहे. गोणी अर्ध्यापर्यंत बाहेर दुमडावी आणि तळाला व कडेला भोके पाडावीत. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कुजलेला पालापाचोळा यांचे मिश्रण वीतभर भरावे. ३० ते ५० ग्रॅमचे, दोन-तीन डोळ्यांचे मोड आलेले बेणे डोळे वर करून ठेवावे. कापलेले असेल तर काप दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावा. एका झाडाला १० ते १५ लिटर माती पुरे. रोप वीतभर झाले की गोणीची घडी उलगडत एक-दोनदा भर लावावी. ही भर उत्पन्नाचे थर वाढवण्यासाठी नसून बटाटे उघडे पडू नयेत म्हणून असते. उघड्या बटाट्यावर पाकोळी (बटाट्यावरचा पतंग) अंडी घालते आणि तिची अळी आत शिरते. उन्हाने हिरवा पडलेला बटाटा कडू लागतो. त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते, तो खाऊ नये.

खरी अडचण उष्णतेची आहे. बटाटा धरायला रात्री थंड लागतात. मातीचे तापमान १५ ते २० अंश असले की पोसणे उत्तम, ३० च्या वर गेले की जवळपास ठप्प. शेतातली माती खाली गार राहते. गच्चीवरचा काळा टायर किंवा डबा मात्र दुपारी चांगलाच तापतो, म्हणून फिकट रंगाची गोणी आणि भोवती गोणपाट बरे. पुणे, नाशिककडे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये लावून जानेवारी-फेब्रुवारीत काढता येते. मुंबई-कोकणात थंडीच मोजकी, तिथे जेमतेम उत्पन्नाची तयारी ठेवावी. पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाटा होतो, तो तिथल्या थंड हवेमुळे. ते वेळापत्रक शहरातल्या गच्चीवर लागू करू नये. जातींपैकी उष्णता सोसणारी कुफरी सूर्या पाहावी, दख्खनच्या पठारासाठी ‘कुफरी लवकर’ नावाची जात आहे. बाजारातला खायचा बटाटाही उगवतो, पण तो नुकताच काढलेला असला तर सुप्तावस्थेत असतो आणि रोगमुक्तीची खात्री नसते.

वजनाकडे दुर्लक्ष करू नये. ओल्या मातीचे २०० लिटरचे पिंप २५० किलोच्या पुढे जाते. गच्चीवर ते खांब-तुळईच्या जवळच ठेवावे, किंवा ठेवूच नये. याच कारणाने शहरी शेतीत मातीऐवजी हलका सेंद्रिय माल वापरण्याकडे कल आहे. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्यापासून उभी केलेली बाग त्याचे ठळक उदाहरण.

पाला पिवळा पडून वाळू लागला की पाणी तोडून आठ-दहा दिवसांनी गोणी उलटी करतात. चांगल्या हंगामात एका झाडाला अर्धा ते एक किलो मिळतात. कुदळीचा घाव एकाही बटाट्याला लागत नाही, हा गोणीचा निर्विवाद फायदा. करपा (पाने करपवणारा बुरशीचा रोग) पडलेल्या गोणीतली माती आणि पाला कंपोस्टमध्ये मिसळू नये. बाकीच्या मातीत पुढच्या खेपेला टोमॅटो, वांगी, मिरची न लावता मेथी किंवा चवळी घ्यावी, कारण ती तिन्ही बटाट्याच्याच कुळातली.